उन्हात उडालेली खूण

लग्नाची पत्रिका हातात आली की मी आधी तारीख वाचत नाही. पत्रिका खिडकीशी नेऊन तिरकी धरतो, अक्षरांवरून अंगठा फिरवतो, मागची बाजू उजेडात बघतो आणि मग विचारतो, लग्न कुणाचं आहे. बायको म्हणते, या माणसाने नातू झाला तेव्हा त्यालाही आधी खिडकीशी नेलं होतं. खोटं नाही ते. नोकरीची जवळपास सगळी वर्षं मी एका सरकारी छापखान्यात काढली. नक्कल होऊ नये असे कागद तिथे छापतात. माझ्या वाट्याला व्हिसा आला. बाहेरदेशातून इकडे येणाऱ्यांच्या पासपोर्टात जे चौकोनी स्टिकर चिकटवतात, ते खोटं करणाऱ्याला साधू नये म्हणून डोकं चालवणाऱ्या चार-पाच जणांतला मी एक होतो.

खोटा व्हिसा करणारे लोक मूर्ख नसतात, हे आधी सांगून टाकतो. एके काळी व्हिसा म्हणजे पासपोर्टच्या पानावर मारलेला रबरी शिक्का आणि खाली शाईची सही, एवढंच असायचं. तसा शिक्का चपलेच्या तळव्यातून कोरून काढणारे महाभाग होते. मग स्टिकर आलं, तर लोक ते अलगद सोडवून दुसऱ्याच्या पासपोर्टात चिकटवायला लागले. म्हणून कागदालाच अशा बारीक चिरा दिल्या की सोलायला गेलं की तुकडे व्हावेत. एक ओळ अशी उठावाची छापायची की बोटाला लागावी. एक खूण अशी की कागद तिरका धरला तरच दिसावी. एक अशी की जांभळ्या दिव्याखालीच उजळावी. आम्ही कुलूप करायचं, त्यांनी किल्ली करायची. चोरावर मोर होण्यात माझी हयात गेली आणि मला त्यात मजाही आली, हे नाकारत नाही.

पण हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. ते मला आष्टी तालुक्यातल्या एका चारा छावणीच्या गेटवर सापडलं, माझ्या विशीत. त्याच गेटवर एक माणूस माझ्या मागे लागला. तो अजून सुटलेला नाही.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांची बदली त्या बाजूला झाली होती. मी केजला एका छापखान्यात दोन वर्षं खिळे जुळवून, मालकाशी भांडून घरी बसलो होतो. गावात दुधाची सहकारी संस्था होती. रोज सकाळी लोक दूध घेऊन यायचे आणि गेटवर दुधाला डिग्री लावली जायची. म्हणजे दुधात काचेची नळी सोडायची. ती किती बुडते त्यावरून पाणी किती घातलंय ते कळायचं. नळीने सांगितलं की विषय संपला. कुणी कितीही मोठा असो, नळीपुढे बोलत नसे. या गावाला माणसाच्या शब्दापेक्षा नळीचा शब्द मोठा मानायची सवय लागली होती, आणि ती सवय चांगली आहे असं मलाही वाटायचं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. दूध आटलं. संस्थेचे कॅन उपडे पडले. चेअरमननी संस्थेच्याच मोकळ्या रानात छावणी उघडली. माजलगावच्या बाजूला धरणाखाली थोडा ऊस तगून होता, तिथून ट्रकने उसाच्या हिरव्या शेंड्यांची वाढं यायची. ट्रक आला की त्या भगभगीत उन्हात एकदम ओला, गोड वास सुटायचा आणि दावणीला बांधलेली शंभर जनावरं एकाच वेळी माना वर करायची. तो आवाज, इतक्या गळ्यांतल्या साखळ्या एकदम हलल्याचा, मला अजून ऐकू येतो.

ज्याचं जनावर छावणीत, त्याला एक पास. बदामी पुठ्ठ्याचा, तळहाताएवढा. त्यावर नंबर, गावाचं नाव, जनावरं किती, आणि संस्थेचा जांभळा गोल शिक्का. नाव कुणाचं नाही, कारण आज नवरा यायचा, उद्या बायको, परवा भाऊ. नाव, नंबर सगळं संस्थेच्या वहीत. महिना झाला नाही तोच वाढं दुपारच्या आत संपायला लागली. वाटप तेवढंच, पास मात्र वाढलेले. कुणीतरी दुसऱ्या तालुक्यात हुबेहूब तसेच पास छापून घेतले होते, तेच नंबर टाकून. शिक्क्यासकट. खऱ्या पासवाल्या बाया भाऱ्याच्या रिकाम्या दोऱ्या घेऊन गेटवर बसून राहायच्या.

चेअरमननी मला बोलावलं. छापखान्यातला आहेस, म्हणाले, असं काहीतरी कर की डुप्लीकेट पास गेटवरच कळला पाहिजे.

मला सुचलं ते माझ्या आईच्या धुण्यातून. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर कालवणाचा पिवळा डाग पडायचा आणि आईने साबण लावला की तो डाग लालभडक व्हायचा. हळदीला साबण लागला की ती लाल होते, चुना लागला तरीही होते. मी हळदीचं पातळ पाणी केलं, बारीक कुंचला घेतला, वहीतल्या नावांशी ताडून खरे पास परत मागवले आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक वळण काढलं, बैलाच्या शिंगासारखं. बदामी पुठ्ठ्यावर ते वाळलं की दिसायचं नाही. गेटवर मी तंबाखूवाल्यांच्या डबीतला ओला चुना घेऊन बसायचो. संशय आला की पास उलटा करायचा, चुन्याचं बोट त्या जागेवर ओढायचं. खरा असला की तिथे कुंकवासारखी रेघ उठायची. खोटा असला की नुसता पांढरा फराटा.

पहिल्याच दिवशी अकरा पास पकडले. दुसऱ्या दिवशी तर गंमत बघायला माणसं जमली. लोक त्याला पासाची डिग्री म्हणायला लागले. लाल निघाला का कोरा निघाला, हे दोन शब्द छावणीत रूढ झाले. औषध शहरातून आणलंय अशी मी थाप मारली होती आणि पुरुषांनी ती खरी मानली. बायकांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, पण हळदीतलं बायकांना कोण विचारतं.

मला मास्तर म्हणायला लागले. आमचं घर बौद्धवाड्यातलं. संस्थेच्या गेटवर आपला मुलगा बसतो, गावातले मोठमोठे लोक त्याच्यापुढे पास धरून उभे राहतात, हे माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी कौतुक केलं नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. एवढंच म्हणाले, कुणी बोट दाखवील असं वागू नको. मी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. ओळखीला सूट नाही, वयाला नाही, रडण्याला नाही. चेअरमनच्या चुलत्याचा पास कोरा निघाला तेव्हा मी तोही परत दिला नाही, आणि त्या दिवशी घरी जाताना माझी छाती किती फुगली होती ते मला आठवतं.

आणखी एक नियम मी केला होता. शिक्का पुसट झाला तर पास चालणार नाही. घामाने शाई फुटायची, उन्हाने विटायची, आणि पुसट शिक्क्याच्या आडून लबाडी व्हायची. मी रोज गेटवर ओरडून सांगायचो, शिक्का जपा.

त्या माणसाने तो जपला.

तो धनगर होता, पलीकडच्या डोंगराकडच्या वस्तीवरचा. पन्नाशीचा असेल. मेंढरं घेऊन दिवसभर उघड्या माळावर हिंडायचा. मेंढरं काटे-कुटे खाऊन जगत होती, पण एक गाभण गाय होती, ती त्याने छावणीत आणून बांधली होती. दिवस मावळायच्या आधी येऊन वाढं घ्यायचा, गाईपुढे टाकायचा आणि ती खात असताना तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. मी त्याला मामा म्हणायचो. तो पास खिशात ठेवत नसे. खिशात घामाने शिक्का फुटेल म्हणून पागोट्याच्या घडीत, कपाळावर खोचायचा. आणि ऊन शिक्क्याला लागू नये म्हणून पास उलटा खोचायचा. शिक्का आत, पाठ बाहेर. मी हे रोज बघत होतो. पाठीवर माझी हळद आहे आणि ती दिवसचे दिवस चैत्र-वैशाखाचं ऊन खाते आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याचा पास मी तोवर एकदाही तपासला नव्हता. त्या दिवशी तपासला, कारण सकाळीच त्याच नंबरचा एक पास पकडला गेला होता. तो कोरा निघाला होता. मग दुसरा खरा असणार, एवढी साधी गोष्ट होती. पण मनात एकदा किडा शिरला की साधं काही राहत नाही. मामा आला, तेव्हा मागे चाळीसेक माणसं उभी होती. मी पास उलटा केला, चुन्याचं बोट ओढलं. पांढरा फराटा. पुन्हा ओढलं, जरा वर. पांढराच.

मी त्याला मामा म्हणालो नाही. ओ पागोटेवाले, म्हणालो, बाजूला व्हा.

त्याला आधी कळलंच नाही. तो हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमीच दिलाय की ह्यो. तुमच्या हातानं. वहीत बगा."

वही आत होती, पत्र्याच्या पेटीत. माझ्या खुर्चीपासून दहा पावलं. वहीत त्याचं नाव, त्याची वस्ती, गाय एक, सगळं होतं. पण मागे रांग होती. आणि खरं सांगायचं तर सगळे बघत होते, आणि मला ते आवडत होतं. मी उठलो नाही.

"वही कशाला?" मी म्हणालो. "पास सोता बोलतोय."

लोक हसले. रांगेत त्याच्या मागेच उभा असलेला एक जण म्हणाला, "चला डुप्लीकेट, सरका फुडं." पुन्हा हसले. मामाने काही वाद घातला नाही. आत जाऊन गाईचं दावं सोडलं. ती जड झाली होती, चालायला तयार नव्हती. वाढं नुकतीच आली होती आणि तिला वास लागला होता. तो तिला हाताने ढकलत गेटबाहेर घेऊन गेला. जाताना माझ्या अंगावरून गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही. गाईने बघितलं, असं मला वाटतं. पण गाई कुणाकडेही बघतात.

पकडलेले पास फाडायचे असा नियम होता. मी काही ठेवून द्यायचो, बिस्किटाच्या एका डब्यात, पराक्रम म्हणून. तो पास त्या डब्यात गेला.

आठ दिवसांनी कळलं की दुसऱ्या छावणीच्या गेटवरही त्याला घेतलं नाही. डुप्लीकेटवाला म्हणून नाव पुढे गेलं होतं. परत येताना नदीच्या कोरड्या पात्रात गाय बसली, ती उठली नाही. पोटातल्यासकट गेली. मला वाईट वाटलं, पण कसं वाटलं ते लिहितो: चोराची गाय मेली, गाईचा काय दोष, असं वाटलं.

पुढे त्या सरकारी छापखान्यात भरतीची जाहिरात निघाली. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, नक्कल रोखण्याचा काही अनुभव? मी हळदीची गोष्ट सांगितली. सगळे खूश झाले. एक जण तर टेबलावर थाप मारून हसला. मी लागलो. म्हणजे माझ्या भाकरीला पहिलं पीठ त्या हळदीचं आहे.

शाईच्या विभागात एक जुने कारागीर होते, निवृत्तीला आलेले, मितभाषी. नवी शाई आली की ते तिचा एक पट्टा प्रखर दिव्याच्या पेटीत ठेवायचे आणि एक थेट गच्चीवर, उन्हात. दोन-तीन महिने. शाई उडते का बघायला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझी गोष्ट ऐटीत सांगितली. त्यांनी डबा बंद केला आणि विचारलं, "हळद उन्हात किती दिवस टिकते, बघितलं होतं का?"

मी म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एका बदामी कार्डावर हळदीचं पाणी ओढलं, अर्ध्यावर दुसरं कार्ड झाकलं आणि गच्चीवर ठेवलं. दहा दिवसांनी चुना लावला. झाकलेला अर्धा भाग लाल झाला. उघडा अर्धा कोरा राहिला.

मला पागोटं दिसलं. कार्डावर नाही, गच्चीच्या कठड्याशी. पांढरं पागोटं, त्याच्या घडीत बदामी चौकोन, पाठ बाहेर. भूतबीत मी मानत नाही, आमच्या घरात ते शिकवलंच नाही. पण तेव्हापासून जिथे म्हणून रांग आणि तपासणारा माणूस असतो, तिथे रांगेत तो असतो. विमानतळावर कामासाठी गेलो तिथे होता. बँकेत असतो. माझ्या मागे नसतो कधी, पुढेच असतो, पाठमोरा, आणि त्याची पाळी यायला नेहमी एकच माणूस बाकी असतो.

पुढच्या सुट्टीत मी गावाहून बिस्किटाचा डबा आणला. आमच्याकडे जांभळ्या दिव्याची काळी पेटी होती. साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा त्याखाली उजळतात. हळद तर त्या दिव्याखाली काजव्यासारखी पेटते, हे मला तोवर कळलं होतं. एकेक पास पेटीत सरकवला. पहिला, काळा. दुसरा, काळा. सगळे काळे, माझे पराक्रम सगळे खरे होते. मग त्याचा ठेवला. आधी चुन्याचे दोन फराटे दिसले, माझ्या बोटाच्या रुंदीचे. आणि त्यांच्या खालून, अगदी मंद, कागदाच्या पोटात राहिलेला अंश उजळला. शिंगासारखं वळण. माझ्या हाताचं. शेवटी कुंचला जरा उजवीकडे झटकायची मला खोड होती, ती झटकसुद्धा दिसत होती.

मी दिवा विझवला आणि तो पास बाकीच्यांपासून वेगळा ठेवला.

तेव्हाच जायला हवं होतं. मी गेलो नाही. आज जातो, दिवाळीला जातो, मुलीचं लग्न झालं की जातो. मधल्या वर्षांत कळलं की मामा गेला. म्हटलं, आता काय उपयोग. लाज माणसाला किती कारणं पुरवते त्याला अंत नाही.

कामात मात्र मी हट्टी झालो. नवी खूण मांडली की बाकीचे विचारायचे, चोराला ही जमेल का? मी विचारायचो, खऱ्या माणसाकडून ही चुकून पुसली गेली तर? पासपोर्ट घामात भिजला, गाडीच्या काचेमागे उन्हात राहिला, धुण्यात गेला, तर? वरिष्ठ कंटाळायचे. मला ‘खऱ्याचा वकील’ असं नाव पडलं. पण हळूहळू काही ऐकलं गेलं. एकाच खुणेवर भिस्त ठेवायची नाही. एक डोळ्याला, एक बोटाला, एक दिव्याला, म्हणजे एक उडाली तरी दुसऱ्या साक्ष देतील. प्रत्येक खूण आधी उन्हात ठेवायची. आणि तपासणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत मी एक वाक्य घालून घेतलं: एक खूण दिसली नाही एवढ्यावरून व्हिसा खोटा ठरवू नये, नोंद तपासावी. पुढच्या आवृत्तीत ते बारीक टायपात गेलं. पण होतं.

एकदा तपासणीसाठी एक स्टिकर आलं. दिव्याखाली उजळत नव्हतं म्हणून एका बाईला विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. आम्ही तपासलं. अस्सल होतं. कागदावर नंतर काहीतरी गरम फिरवलं गेलं होतं, कदाचित इस्त्री, पान सुरकुतलं म्हणून. मी अहवाल लिहिला: खरा. बाई तोवर तिच्या देशात पोचली होती. तिची इथे कोण वाट बघत होतं ते लिहायला अहवालात रकाना नव्हता.

निवृत्त झाल्यावर सबबी संपल्या. तो पास काळ्या कागदात गुंडाळला, हातात मावेल असा जांभळा दिवा घेतला. आष्टीपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटी चालत. त्या वर्षीही पाऊस लांबला होता. जीपवाल्याला वस्तीवरचं घर विचारलं, खाणाखुणा सांगितल्या, तर तो सहज म्हणाला, "डुप्लीकेटाचं घर का? ते काय, चिचेपल्याड." त्याचं वय तिशीचंही नसेल. मामाला त्याने पाहिलेलंही नसणार.

मामाची बायको ओट्यावर बसून लोकर पिंजत होती. ऐंशीच्या घरात असेल, पण हात चालू. मी कोण ते सांगितलं. छावणीच्या गेटवरचा मास्तर, म्हणालो. तिने मला पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं, हळद, ऊन, पागोटं. आतल्या अंधाऱ्या खोलीत चला म्हणालो, तुम्हाला दाखवतो.

ती उठली नाही. "मला कशाला दावता?" ती म्हणाली. "मला ठावंच हाय की त्यो खरा हुता. मी का त्येला वळकत न्हाई?"

मी म्हणालो, "मावशी, माझी चूक झाली."

"झाली," ती म्हणाली. "तिकडं पारावर चला. नाव तिथं पडलंय."

पारावर आठ-दहा म्हातारे बसले होते. टळटळीत दुपार. तिने त्यांना सांगितलं, हे साहेब काय दावत्यात ते बगा. मी पास काढला, दिवा लावला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या उन्हात काहीच दिसणार नाही. इतकी वर्षं खुणांचं काम केलेला माणूस, आणि हे सुचलं नाही. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मला ती सगळी नजर ओळखीची वाटली.

तिने खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या डोक्यावर टाकली. काळी, जाड, धनगरी घोंगडी. आत लोकरीचा आणि मेंढरांचा वास होता आणि मिट्ट काळोख. मी दिवा लावला. वळण दिसलं, पूर्वीपेक्षा आणखी मंद. पण होतं.

मग एकेक जण घोंगडीखाली डोकं घालून बघायला लागला. मी आत पास आणि दिवा धरून वाकून उभा, आणि एकामागून एक म्हातारे चेहरे माझ्या चेहऱ्याशेजारी येत होते, तंबाखूचा श्वास, चुन्याचा वास. मला एक गोष्ट माहीत होती, ती मी कुणाला सांगितली नाही. दिवा हाही उजेडच असतो. जितका वेळ तो धरावा तितकी ती खूण उडते. दर माणसामागे मी ती थोडी खर्च करत होतो.

शेवटी काठी टेकत एक जण आला. त्याने आत डोकं घातलं आणि वळण बघितलं. मग म्हणाला, "म्या हुतो त्येच्या मागं. रांगेत. त्ये नाव म्याच पाडलं." मी दिवा तसाच धरून ठेवला. "त्या दिशी लई वाढं मिळाली मला," तो म्हणाला, आणि डोकं बाहेर काढलं.

मी घोंगडी काढली. ऊन डोळ्यांत घुसलं. मामाची बायको मात्र बघायला आलीच नव्हती. लांब, चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी होती. ती सावकाश जवळ आली.

"मग?" तिने मला विचारलं. "लाल निघाला म्हनायचा का?"

"हो मावशी," मी म्हणालो. "लाल निघाला."

"मग गाय घ्या आत," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती वाट बघत उभी राहिली, गेटवर माणसं उभी राहायची तशी. मी घोंगडीची घडी घालायला घेतली, पण ती मला काही केल्या नीट घालता येईना.